जुन्या वस्तूंचे स्कॅन, दुरुस्त केलेली चित्रं आणि कॉपीराइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काडेपेटीची लेबलं, टपाल तिकिटं, दिवाळी अंक, सिनेमाची पोस्टरं, पत्र्याची खेळणी जमवणाऱ्या मुंबईतल्या मंडळींकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. कधी चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर उभ्याउभ्या, कधी रात्री अकराला फोनवर, आणि बहुतेक वेळा भांडण जुंपल्यावर. उत्तरं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला धरून आहेत. मी संग्राहक आहे, वकील नाही. हातात नोटीस पडली असेल तर हे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

१. वस्तू मी रोख पैसे मोजून घेतली. मग तिच्यावरच्या चित्राचा कॉपीराइटही माझाच ना?

नाही. तुम्ही घेतलाय तो कागद. तो फ्रेम करा, विका, भाच्याला वाढदिवसाला द्या, कोणी विचारणार नाही. पण त्या चित्राच्या प्रती काढणं, ते छापणं, इंटरनेटवर टाकणं हे कलम १४ मधले हक्क आहेत. ते चित्रकाराकडे, त्याच्या वारसांकडे किंवा त्याने ज्याला लिहून दिले त्याच्याकडे राहतात. "जगात एकच प्रत उरलीय आणि ती माझ्याकडे आहे" असं एक काका मला दरवेळी ऐकवतात. खरं असेलही. त्याने किंमत वाढते, हक्क वाढत नाही.

२. स्कॅन तर मी केला. स्कॅनर माझा, वीज माझी. त्या स्कॅनचा मालक मीच की नाही?

फाइल तुमची. ती कोणाला द्यायची, कोणाला नाही, हे तुम्ही ठरवा. कॉपीराइट मात्र "मूळ" कृतीलाच मिळतो आणि सपाट कागदाचा जसाच्या तसा स्कॅन ही मूळ कृती ठरणं फार अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात मोजपट्टी घालून दिली: नुसती मेहनत आणि खर्च पुरत नाही, कौशल्य आणि विवेक लागतो, त्यात थोडी तरी सर्जनशीलता दिसावी लागते. तो खटला न्यायालयाचे निकाल संपादित करून छापणाऱ्या अहवालांचा होता, स्कॅनचा नव्हता. पण मोजपट्टी तीच लावली, तर काचेवर लेबल ठेवून बटण दाबण्यात सर्जनशीलता कुठे दाखवणार? १२०० डीपीआय ठेवलं म्हणूनही काही बदलत नाही. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानेही १९९९ मध्ये ‘ब्रिजमन विरुद्ध कोरल’ खटल्यात हेच म्हटलं: हक्क संपलेल्या चित्राच्या हुबेहूब छायाप्रतीला नवा कॉपीराइट नाही.

हे उत्तर ऐकून लोक माझ्यावर नाराज होतात. मीही एकदा स्वतःवर झालो होतो (प्रश्न १५ पाहा).

३. स्कॅनऐवजी कॅमेऱ्याने फोटो काढला तर?

वस्तू कोणती यावर आहे. पोस्टर भिंतीला लावून समोरून काढलेला फोटो म्हणजे मोठा स्कॅनच. नाणं, पत्र्याची मोटार, पितळी अडकित्ता यांची गोष्ट वेगळी. शिवराईवरची झिजलेली अक्षरं वाचता यावीत म्हणून दिवा कोणत्या बाजूने, किती खाली धरायचा, मागे काळं कापड घ्यायचं की राखाडी, किती सावली राहू द्यायची, हे सगळं तुम्ही ठरवता. तिथे फोटोला स्वतःचा कॉपीराइट मिळण्याची बाजू भक्कम होते. इंग्लंडमध्ये पुराणवस्तूंच्या फोटोंवरून असा खटला झाला होता आणि तिथल्या न्यायालयाने २००० च्या सुमारास फोटोग्राफरच्या निवडीला मान दिला. आपल्या कायद्यात कलम २(घ) नुसार फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. हा हक्क मात्र तुमच्या फोटोपुरता. तेच नाणं दुसऱ्याने आपल्या दिव्याखाली टिपलं तर तुम्ही अडवू शकत नाही.

४. मूळ चित्राचा हक्क संपला की नाही, हे कसं मोजायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न. "जुनं दिसतंय" हे मोजमाप नाही.

चित्रकाराचं नाव माहीत असेल तर त्याचं आयुष्य अधिक ६० वर्षं. ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून धरायची. राजा रविवर्मा १९०६ साली गेले. १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्यांच्या छापखान्यातली त्यांच्या चित्रांची ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं) कधीच मोकळी झाली, म्हणजे त्यांच्यावरचा हक्क संपला. एम. व्ही. धुरंधर १९४४ साली गेले, म्हणजे त्यांची पोस्टकार्डं २००४ च्या अखेरीपासून मोकळी. दीनानाथ दलाल गेले १९७१ मध्ये. म्हणजे त्यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हक्कात आहेत, मग अंक १९४८ चा असो की १९६८ चा. अंकाचं साल इथे कामाचं नाही, चित्रकाराचं साल बघायचं. आपल्यातले निम्मे लोक इथेच घसरतात.

नाव नसलेल्या किंवा टोपणनावाने आलेल्या चित्राला पहिल्या प्रकाशनापासून ६० वर्षं (प्रश्न ५). सरकारी कृतीला आणि चित्रपटालाही प्रकाशनापासून ६० (प्रश्न ११ आणि १०). ही ६० वर्षं १९९२ च्या दुरुस्तीने आली, त्याआधी ५० होती. म्हणून जुन्या पुस्तकात ५० वाचलंत तर गोंधळू नका.

फोटोंचं गणित निराळं. २०१२ पर्यंत फोटोला प्रकाशनापासून मुदत होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कलम २५ काढून टाकलं आणि फोटोही "आयुष्य अधिक ६०" मध्ये आला. तोवर संपलेले हक्क पुन्हा जिवंत झाले नाहीत. त्यामुळे १९५१ अखेरपर्यंत छापून आलेला भारतीय फोटो निर्धास्त वापरा. त्यापुढचा असेल तर फोटोग्राफर कोण, हे शोधायला लागा.

५. काडेपेटीच्या लेबलावर चित्रकाराची सहीच नसते. मग कोणाला विचारायचं?

बहुतेक लेबलं निनावी कृती म्हणून प्रश्न ४ मधल्या प्रकाशनापासून ६० वर्षांच्या नियमात बसतात. अडचण साल ठरवण्याची. छापखान्याचं नाव, आत किती काड्या त्याचा आकडा, किंमत आण्यात की नव्या पैशांत, यावरून अंदाज येतो. दशमान पैसे १९५७ साली आले, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ कामं होतात.

ट्रेडमार्क मात्र विसरू नका. लेबलावरचा वाघ, कमळ किंवा जहाज कोणाचं नोंदवलेलं चिन्ह असेल, तर ती नोंदणी दर १० वर्षांनी वाढवत वाढवत कितीही काळ चालू राहते. संग्रह म्हणून चित्र दाखवायला हरकत नाही. तेच चित्र काडेपेटीवर किंवा अगरबत्तीच्या पुड्यावर छापून विकायला निघालात तर कॉपीराइट संपला असला तरी गोत्यात याल. गिरणगावातल्या कापडगिरण्यांच्या ठाणांवरच्या लेबलांनाही हेच लागू.

६. एक फाटकं लेबल मी फोटोशॉपमध्ये तीन रात्री बसून नीट केलं. ती आवृत्ती तरी माझी?

तीन रात्रींत काय केलंत, त्यावर ठरेल.

माझ्याच टेबलावरचं उदाहरण सांगतो. हत्तीचं लेबल, वरच्या कोपऱ्यात वाळवीची नक्षी, मधोमध घडी, डाव्या बाजूला खळीचा तपकिरी डाग आणि हत्तीचा मागचा पाय गायब. पहिल्या रात्री धूळ काढली, घडीची पांढरी रेघ भरली, पिवळटपणा कमी केला. दुसऱ्या रात्री डाग उतरवला. हे सगळं मूळ जसं होतं तसं परत आणण्याचं काम. डोळे चुरचुरले तरी त्यात माझं स्वतःचं काही नाही. मोडक खटल्यातही टंकचुका सुधारणं, अवतरणं जुळवून घालणं याला न्यायालयाने हक्क दिला नाही. पण निकालाचे परिच्छेद पाडणं, कोणत्या न्यायाधीशाचं मत सहमतीचं आणि कोणाचं विरोधी हे ठरवून नोंदवणं, यात विवेक लागतो म्हणून तेवढ्याला दिला. सारखी वाटणारी कामं, पण न्यायालयाने मधे रेघ ओढली.

तिसऱ्या रात्री मी हत्तीचा पाय काढला. त्याच लेबलाची दुसरी प्रत समोर ठेवून काढला असता तर तीही नक्कलच. माझ्याकडे प्रत नव्हती, म्हणून मी अंदाजाने काढला: गुडघा थोडा वाकवला, पायात घागऱ्या घातल्या. त्या पायापुरता माझा दावा लागू शकतो. फक्त पायापुरता! बाकी हत्ती सगळ्यांचा. आणि दावा लावायचा असेल तर "हा पाय नंतर काढलेला आहे" हे आधी कबूल करावं लागतं, जे एरवी कोणी करत नाही.

आणखी एक. साफसफाईच्या भरात कोपऱ्यातली चित्रकाराची सही पुसू नका. कलम ५७ चा श्रेयाचा हक्क चित्रकार कॉपीराइट विकून मोकळा झाला तरी त्याच्याकडे राहतो.

७. कृष्णधवल फोटोकार्ड रंगीत केलं, किंवा एआयने मोठं करून घेतलं. आता?

रंग स्वतः निवडून, लुगड्याला कोणता, आभाळाला कोणता असं ठरवून भरलेत तर प्रश्न ६ मधल्या हत्तीच्या पायासारखं: तुमच्या भरीपुरता दावा करता येईल. एका बटणावर सॉफ्टवेअरने भरले असतील तर तुमचा विवेक त्यात दिसत नाही. संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती "करवून घेणारी" व्यक्ती, असं कलम २(घ) म्हणतं खरं, पण ती मुळात "मूळ" कृती असावी लागते. नुसतं मोठं आणि स्पष्ट केलेलं चित्र म्हणजे स्कॅनच, प्रश्न २ पाहा.

८. मूळ चित्र अजून हक्कात आहे. दुरुस्त केलेली प्रत, फ्रिज मॅग्नेट, टी-शर्ट करून विकू का?

परवानगीशिवाय नको. तुमच्या दुरुस्तीला स्वतंत्र हक्क असला तरी खालच्या थराचा मालक वेगळा आहे आणि दोन्ही थर मोकळे झाल्याशिवाय विकता येत नाही. फायद्यासाठी केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड लिहिलेला आहे.

स्वतःच्या अभ्यासासाठी स्कॅन करून ठेवायला, टीका-समीक्षेच्या लेखात चित्र वापरायला कलम ५२ ची सवलत आहे. समीक्षा म्हणजे समीक्षाच हं. "वा, काय चित्र!" एवढं लिहून पूर्ण अंक टाकणं तिच्यात बसत नाही.

९. मग विक्रीला काढलेल्या वस्तूचा फोटोसुद्धा टाकायचा नाही?

काही देशांच्या कायद्यात विक्रीच्या जाहिरातीसाठी वेगळी सवलत आहे. आपल्या कलम ५२ च्या यादीत तशी नाही. व्यवहारात वस्तूचा साधा फोटो टाकल्याबद्दल हक्कधारक मागे लागलाय, असं मी पाहिलेलं नाही. तरी फोटो लहान ठेवा, कडा आणि डाग दिसू द्या. गिऱ्हाइकाला तेच बघायचं असतं आणि त्यावरून कोणी पोस्टर छापू शकत नाही.

१०. हाताने रंगवलेलं सिनेमाचं पोस्टर आणि लॉबी कार्ड (थिएटरच्या दारात लावायचं छोटं छापील चित्र): हक्क चित्रकाराचा, फोटोग्राफरचा की निर्मात्याचा?

पैसे देऊन चित्र काढून घेतलं किंवा फोटो काढवून घेतला तर, उलट करार नसल्यास, कलम १७(ख) प्रमाणे पहिला मालक काढवून घेणारा. म्हणजे बहुतेक पोस्टरांचा मालक निर्माता. मुदत मात्र चित्रकाराच्या आयुष्यावर मोजायची. मालक एक आणि घड्याळ दुसऱ्याचं.

लॉबी कार्डवर दोन प्रकारची चित्रं येतात. सेटवर वेगळ्या कॅमेऱ्याने काढलेली स्टिल्स हे स्वतंत्र फोटो. पडद्यावरची चौकट उचलून छापलेली असेल तर ती चित्रपटाचा भाग, आणि तिची प्रत काढायचा हक्क चित्रपटाच्या हक्कातच येतो. मुदत प्रदर्शनापासून ६० वर्षं. ‘आलम आरा’ १९३१ चा, म्हणजे तो कधीच मोकळा झाला. निर्मितीसंस्था बुडालेली असते, वारस तिघं आणि तिघांत कोर्टकज्जा; हे या धंद्यात नेहमीचंच. पत्र लिहून परवानगी मागितल्याचा कागद तरी जपून ठेवा.

११. टपाल तिकिटं आणि नोटा तर सरकारी. त्यांचे स्कॅन मोकळे ना?

सरकारी म्हणजे मोकळं, हा गैरसमज. प्रकाशनापासून ६० वर्षं सरकारचा हक्क असतो. २१ नोव्हेंबर १९४७ चं ‘जय हिंद’ तिकीट २००७ अखेर मोकळं झालं, १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं २००८ अखेर. काल जीपीओतून आणलेलं नवं तिकीट मोकळं नाही.

नोटांच्या बाबतीत एक रुपयाची नोट भारत सरकारची, बाकीच्या रिझर्व्ह बँकेच्या. मुदत दोन्हीकडे तीच. पण इथे कॉपीराइटपेक्षा फौजदारी कायदा जड आहे. तिकिटाची नक्कल आणि नोटेसारखा दिसणारा कागद, दोन्ही गुन्ह्यात येतात. म्हणून खऱ्या आकारात, दोन्ही बाजूंनी, रंगीत प्रिंट कधीच काढू नका. कॅटलॉगात छापायचं तर आकार बदला आणि चित्रावर आडवं ‘नमुना’ टाका.

१२. चोर बाजारात एक जुना कौटुंबिक अल्बम मिळाला. त्यातले फोटो छापू का?

हा सगळ्यात फसवा प्रकार. फोटो १९३० चे असतील, पण कधीच प्रकाशित झालेले नसतील तर प्रश्न ४ मधला "१९५१ अखेर" वाला नियम त्यांना लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीआधी मुदत प्रकाशनापासून होती आणि प्रकाशनच झालं नाही, म्हणजे तेव्हा घड्याळ सुरूच झालं नव्हतं. स्टुडिओत पैसे देऊन काढवलेले असल्यामुळे पहिला मालक बहुधा ते कुटुंब. रद्दीवाल्याकडून अल्बम घेतल्याने तुम्हाला कागद मिळाले, बाकी काही नाही.

मालक सापडतच नसेल तर कलम ३१अ खाली परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. एवढं करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी असे अल्बम घरी बघतो आणि बंद करून ठेवतो. कोणाची तरी आजी आहे ती.

१३. पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या खेळण्यांचं काय?

खेळण्याच्या आकाराला डिझाइनचा कायदा लागतो: नोंदणी केली तर १० अधिक ५ वर्षं. नोंदणी न करता ५० पेक्षा जास्त नग कारखान्यात काढले की, कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही जातो. खोक्यावरचं चित्र वेगळं. त्याला प्रश्न ४ लावा.

१४. स्कॅन दादरच्या दुकानात केला, एडिटिंग ओळखीच्या मुलाने पैसे घेऊन केलं. हक्क कोणाचा?

दुकानदाराचा काही नाही, प्रश्न २ मुळे. मुलाचा मुद्दा नाजूक आहे. "पैसे दिले म्हणजे माझं" हे कलम १७(ख) फोटो, चित्र, एन्ग्रेव्हिंग, चित्रपट एवढ्यांपुरतं बोलतं. फोटोशॉपमधलं स्वतंत्र काम त्यात बसतं का, यावर वाद होऊ शकतो. तो तुमचा पगारी नोकर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर चार ओळींचा कागद करा, सही घ्या. हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. कागदात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं कलम १९ धरून चालतं. म्हणून "कायमस्वरूपी, सर्व जगासाठी" हे शब्द घाला. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याला सही समजू नका.

१५. कोणीतरी माझा स्कॅन उचलून स्वतःच्या नावाने विकतोय. काय करू?

आधी शांत बसा. मी बसलो नव्हतो. धुरंधरांच्या एका पोस्टकार्डाचा माझा स्कॅन एका विक्रेत्याच्या कॅलेंडरवर दिसला. कोपऱ्यातला शाईचा ठिपका ओळखीचा होता. मी तावातावाने "कोर्टात खेचीन" असं लिहून पाठवलं. त्याने शांतपणे उत्तर दिलं: धुरंधर २००४ मध्ये मोकळे झाले, तुमचा हक्क कोणता? एका वकील मैत्रिणीने मग कलम ६० वाचून दाखवलं: बिनबुडाची धमकी देणाऱ्यावरच उलट दावा लावता येतो. मी निमूटपणे माफीचा निरोप पाठवला. कॅलेंडर चांगलं होतं, हे आणखी वाईट.

तुमचा हक्क खरंच असेल (प्रश्न ३ मधला फोटो, प्रश्न ६ मधला पाय), तर ज्या संकेतस्थळावर चित्र आहे त्याला लेखी तक्रार करा. २०१३ च्या नियमांनुसार त्यांनी ३६ तासांत चित्र थांबवायचं असतं. २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाहीत तर ते पुन्हा चालू करू शकतात. मूळ फाइल, फोटोशॉपमधल्या थरांसकट, तारखेसह जपून ठेवा, पुरावा तोच.

१६. वॉटरमार्क टाकला की काम होतं का?

वॉटरमार्कने हक्क तयार होत नाही. जिथे हक्क आहे तिथे तो माहिती देतो, आणि ती माहिती मुद्दाम काढून टाकणं कलम ६५ब खाली गुन्हा आहे. हक्क संपलेल्या चित्रावर आपलं नाव ठोकून वर "कॉपीराइट" लिहिणं मात्र खोटं. "संग्रह: अमुक" लिहा, ते खरं असतं.

१७. एका संस्थेने जुन्या चित्राची फाइल फी घेऊन दिली आणि "पुनर्मुद्रण नाही" अशी अट घातली. हक्क संपला असेल तर अट पाळायची?

सही केलीत तर पाळायची. तो करार आहे, कॉपीराइट नव्हे, आणि तो तुमच्यात आणि त्यांच्यात. तिसऱ्या माणसाने तेच चित्र दुसरीकडून मिळवलं तर त्याला ती अट बांधत नाही.

१८. माझ्या सुधारित चित्रांची नोंदणी करून टाकू?

नोंदणी सक्तीची नाही, हक्क कृती होताच मिळतो. कलाकृतीची फी ५०० रुपये. मालावर वापरायचं चित्र असेल तर २०००. अर्जानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. प्रमाणपत्र कोर्टात प्राथमिक पुरावा म्हणून चालतं. शंभर स्कॅनची नोंदणी करायला निघालेल्या एका मित्राला मी थांबवलं. तो चहाचे पैसेही देत नाही, पण ५० हजार रुपये द्यायला तयार होता.

१९. आठशे लेबलांचा कॅटलॉग केला. स्कॅनवर हक्क नाही, मग त्या पुस्तकावरही नाही?

पुस्तकावर आहे. कोणती आठशे घ्यायची, ती छापखान्यानुसार लावायची की विषयानुसार, प्रत्येकाखाली काय लिहायचं, ही निवड, मांडणी आणि मजकूर तुमचा. कोणी पानंच्या पानं त्याच क्रमाने उचलली तर दावा लागतो. त्यातलं एक जुनं लेबल कापून कोणी स्वतःच्या लेखात वापरलं तर लागत नाही. छापण्याआधी आठशेंतली हक्कात असलेली वेगळी काढा. माझ्या यादीत अशी ६३ निघाली. ती एका बुटांच्या खोक्यात, वर त्यांची सालं लिहून ठेवली आहेत.